३०० नॅनोमीटरचं प्रोकोलॅजेन ६०-८० नॅनोमीटरच्या पुटिकेत मावतं कसं?

धरमपेठकर (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.१२

एमएस्सीच्या पोरांना कॉप-टू (ईआर या पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कप्प्यातून माल नेणाऱ्या पुटिकांवरचा, म्हणजे पडद्याच्या छोट्या पिशव्यांवरचा, प्रथिनांचा कोट) शिकवताना फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की तास तिथंच अडकतो. कॉप-टू कोट चढलेली पुटिका ६० ते ८० नॅनोमीटर व्यासाची. पहिल्या प्रकारच्या प्रोकोलॅजेनची, म्हणजे कोलॅजेनच्या कच्च्या रूपाची, तिपेडी दांडी ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. तीन साखळ्यांचा पीळ ईआरच्या आतच पूर्ण होतो, म्हणजे ईआरच्या दारात येईस्तोवर दांडी ताठ झालेली असते. आणि हा काही किरकोळ माल नाही. आपल्या अंगातल्या प्रथिनांचा पाव हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, कोलॅजेन असतो.

पुस्तकात गोल पुटिकेची आकृती, खाली 'कोलॅजेनसुद्धा याच मार्गाने गॉल्जीकडे जाते' अशी एक ओळ (गॉल्जी म्हणजे ईआरनंतरचा, माल पुढे पाठवणारा कप्पा), आणि विषय संपला. पुटिका मोठी होते, दांडी वाकते, की तिथं पुटिका हा प्रकारच नसतो? माल लांब आहे हे कोटातल्या कुठल्या प्रथिनाला कळतं? आणि यातलं काही नागपुरातल्या साध्या कल्चर लॅबमध्ये पोरांना दाखवता येईल का? क्रायो-ईएम नको. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणि वेस्टर्न ब्लॉट एवढंच धरा.

माझं मत विचाराल तर कोटाला आपण उगाच ठरावीक मापाचा साचा समजतो. बाकी तुम्ही बोला.

नागनदी · सोमवार, रात्री ९.३१

३०० चा माल ६० च्या डब्यात? दिवाळीत गणेशपेठ स्टँडवरून सुटणारी कुठलीही एसटी पाहा ना भाऊ.

यीस्टवाली · सोमवार, रात्री १०.२०

नागनदीभाऊ, एसटीचं दार तरी बंद होतं. इथं खरी भानगड दार कधी बंद होतं याचीच आहे.

धरमपेठकर सर, आधी नेहमीचा, लहान मालाचा क्रम लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातल्या एका पायरीवर टेकलेलं आहे.

ईआरच्या पडद्यात सेक-१२ बसलेलं असतं. ते सार-१ या स्विचसारख्या प्रथिनातला जीडीपी (बंद अवस्थेचा रेणू) काढून जीटीपी (चालू अवस्थेचा) बसवतं. जीटीपी बसला की सार-१ च्या टोकाची एक छोटी हेलिक्स बाहेर येते आणि पडद्याच्या बाहेरच्या थरात रुतते. पडदा वाकायला इथूनच सुरुवात. मग सेक-२३ आणि सेक-२४ ही जोडी येते. सेक-२४ मालाच्या शेपटीवरचा संकेत ओळखतं, सेक-२३ सार-१ ला धरतं. हा झाला आतला कोट. त्यावर सेक-१३ आणि सेक-३१ यांच्या दांड्या जाळीसारख्या जुळतात, तो बाहेरचा कोट.

आता महत्त्वाचं. सेक-२३ हेच सार-१ चं जीटीपी फोडायला मदत करणारं प्रथिन आहे. म्हणजे कोट बसतानाच त्याच्या उतरण्याची घंटा वाजायला लागते. आणि सेक-३१ येऊन चिकटलं की तो वेग आणखी साधारण दहापट होतो. लहान मालाला हे सोयीचं: जाळी पूर्ण झाली, पुटिका तुटली, कोट गळला. लांब दांडी अजून अर्धी आत असताना असं झालं तर काम बिघडलं.

यातली बरीच जनुकं यीस्टमधून आली. पीटर नोविक आणि रँडी शेकमन यांनी १९७९ मध्ये पहिले उत्परिवर्ती काढले, १९८० मध्ये यादी २३ जनुकांवर गेली. ३७ अंशांना नेलं की सेक-१२, १३, १६, २३ बिघडलेल्या पेशींत ईआर फुगतो. सेक-१७, १८ बिघडलेल्यांत पुटिका साचतात, कारण त्या सुटतात पण पुढे जुळत नाहीत. १९९४ मध्ये शुद्ध केलेले सार-१, सेक-२३/२४ आणि सेक-१३/३१ एवढ्यावरच नळीत पुटिका सुटतात हे दाखवलं गेलं. शेकमन, रॉथमन आणि सुडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं ते याच वाहतुकीवरच्या कामासाठी.

साच्याबद्दल तुमचं बरोबर आहे. सेक-१३/३१ च्या २४ दांड्यांचा पिंजरा ६० नॅनोमीटरचा होतो, पण तेच तुकडे ६० दांड्यांचा मोठा पिंजराही करतात. कृत्रिम पडद्यावर त्यांनी सरळ नळ्यांवर जाळी विणलेलीही दिसली आहे. सांधा लवचिक असतो, कोन बदलतो.

भौतिकराव · सोमवार, रात्री ११.०५

थोडं गणित टाकतो, म्हणजे 'मोठी पुटिका फार महागात पडते' हा गैरसमज जाईल.

पडद्याचा वाकण-ताठरपणा साधारण २० केटी धरा (केटी म्हणजे रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीएवढी ऊर्जा). गोळा करायला लागणारी ऊर्जा ८ पाय गुणिले हा आकडा, म्हणजे सुमारे ५०० केटी. या सूत्रात त्रिज्या येतच नाही! ७० चा गोळा असो की ३०० चा, वाकवण्याचा खर्च तोच. ६० व्यासाची आणि ३०० लांबीची नळी काढली तर पाय गुणिले २० गुणिले ३०० भागिले ३०, म्हणजे ६०० च्या थोडं वर. हाही त्याच पट्ट्यातला.

खरा फरक पडद्याच्या क्षेत्रफळात आहे. ७० च्या गोळ्याला सुमारे १५,४०० चौरस नॅनोमीटर पडदा पुरतो. ३०० च्या गोळ्याला २,८२,७०० लागतो, म्हणजे अठरापट. वरच्या नळीला ५६,५०० पुरतो, टोकाची टोपी वेगळी. तेव्हा 'कोट एवढं वाकवेल का' यापेक्षा 'एवढा पडदा येतो कुठून' हे विचारा. आणि केवळ काटकसर पाहिली तर नळी गोळ्यापेक्षा पाचपट स्वस्त.

दांडी वाकते का, यावर: तिपेडी पिळाच्या ताठरपणाची मोजमापं क्षार, पीएच आणि पद्धतीप्रमाणे बरीच बदलतात. 'लोखंडी सळई' असं पोरांना सांगू नका. पण ७० च्या गोळ्यात ३०० ची दांडी गुंडाळून बसते असंही सांगू नका.

संत्रानगरी · मंगळवार, सकाळी ८.०२

मध्येच एक साधा प्रश्न. क जीवनसत्त्व कमी पडलं की कोलॅजेन बिघडतं हे शाळेत शिकलो. ते या कोटाशी जोडलेलं आहे का, की वेगळी गोष्ट?

यीस्टवाली · मंगळवार, सकाळी ८.४०

जोडलेलं आहे, पण कोटाच्या आधीच्या पायरीला. ईआरमध्ये प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे विकर प्रोलिनला हायड्रॉक्सिल लावतं. त्याला ऑक्सिजन, २-ऑक्सोग्लुटारेट, फेरस लोह आणि लोह त्याच रूपात टिकवायला ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्व, लागतं. हायड्रॉक्सिल नसलेला पीळ २४ अंशांच्या आसपासच उलगडतो, म्हणजे अंगाच्या तापमानाला टिकतच नाही. न वळलेलं प्रोकोलॅजेन ईआरमध्ये अडकून पडतं. कोट शाबूत, दार उघडं, आणि माल निघायला तयार नाही. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात त्या यामुळे.

संत्र्याच्या गावात हे उदाहरण द्यायला सोपं. प्रयोगालाही हीच किल्ली कामी येते.

कोटबाज · मंगळवार, दुपारी १.१५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कोटातल्या कुठल्याच प्रथिनाला माल लांब आहे हे थेट कळत नाही. कळतं ते टँगो-१ ला.

विवेक मल्होत्रा यांच्या गटानं फळमाशीच्या पेशींत जनुकं एकेक करून बंद केली आणि २००६ मध्ये स्रावावर परिणाम करणाऱ्यांची यादी काढली. त्यातलं हे एक. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की टँगो-१ नसेल तर सातव्या प्रकारचं कोलॅजेन ईआरमध्ये साचतं. सातव्याचा पीळ पहिल्यापेक्षाही लांब, ४०० च्या वर.

टँगो-१ पडद्याच्या आरपार असतं आणि दोन्हीकडे हात ठेवतं. ईआरच्या आतला भाग एचएसपी-४७ ला धरतो, आणि एचएसपी-४७ फक्त नीट वळलेल्या पिळाला चिकटतं. म्हणजे तपासणीही तिथंच झाली. बाहेरचा, प्रोलिननं भरलेला भाग सेक-२३ वर नेमक्या त्या जागी बसतो जिथं सेक-३१ बसणार असतं. आता यीस्टवालीताईंची घंटा आठवा. सेक-३१ ला जागा मिळाली नाही, की जीटीपी फोडण्याचा वेग वाढत नाही आणि दार लवकर बंद होत नाही. आतला कोट बसत राहतो, मान लांबत राहते.

भौतिकरावांचा पडद्याचा प्रश्नही इथंच सुटतो. टँगो-१ चा एक तुकडा एनबीएएस, रिंट-१ आणि झेडडब्ल्यू-१० या दोरखंडी प्रथिनांमार्फत ईआरजिकचा पडदा ओढून आणतो. म्हणजे ईआर आणि गॉल्जी यांच्यामधल्या कप्प्यांचा पडदा उलट दिशेनं येऊन मानेला जोडला जातो. २०१७ मध्ये टँगो-१ कोटाभोवती कडं करून बसलेलं दिसलं. त्याचं जोडीदार सी-टेज-५ आणि शिवाय सेडलिन. सेडलिन सार-१ चं चक्र चालू ठेवतं, नाही तर मान नको तितकी आवळते किंवा सुटतच नाही. सेडलिन बिघडलं की मुलांमध्ये मणक्यांची आणि सांध्यांची वाढ अडते. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे त्रास मुलग्यांना.

टँगो-१ काढलेले उंदीर जन्मताच मरतात आणि त्यांच्या कूर्चेत कोलॅजेन पेशींच्या आत अडकलेलं दिसतं. तेव्हा 'हे नळीतलंच खरं' असं म्हणायची सोय नाही.

सूक्ष्मदर्शी · मंगळवार, सायंकाळी ६.३०

कोटबाज, यंत्रणा मान्य. पण शेवटी सुटतं काय, यावर तुम्ही सफाईनं गप्प बसलात बे.

तीन चित्रं बाजारात आहेत. पहिलं, मोठी पुटिका. २०१२ मध्ये शेकमन आणि मायकेल रेप यांच्या गटांनी दाखवलं की केएलएचएल-१२ आणि कल-३ ही प्रथिनं मिळून सेक-३१ ला एकच युबिक्विटिन (प्रथिनांवर लावायची छोटी खूण) लावतात आणि त्यामुळे २०० ते ५०० नॅनोमीटरच्या कोटवाल्या रचना दिसतात. दुसरं, पुटिका नाहीच. मान लांबून पुढच्या कप्प्याला जुळते आणि दांडी बोगद्यातून सरकते. तिसरं, २०२१ मधलं: ईआरपासून निघालेल्या नळ्यांचं जाळं आणि कॉप-टू फक्त त्यांच्या बुडाशी गळपट्ट्यासारखं, पुढे सरकणाऱ्या भागावर कोटच नाही.

पहिल्यावर माझा आक्षेप असा. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची ताकद साधारण २०० नॅनोमीटरला संपते. ४०० चा गोल ठिपका दिसला म्हणजे ४०० ची एक पुटिका, असं होत नाही. लहान पुटिकांचा पुंजका, ईआरचं बाहेर पडण्याचं ठिकाण, नाही तर मोडीत निघालेलं कोलॅजेन नेणारी ऑटोफॅगीची पिशवी, तिन्ही तसेच दिसतात. ऑटोफॅगीचा मुद्दा हवेतला नाही, ईआरच्या दारातच काही प्रोकोलॅजेन लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या मोडतोड कप्प्याकडे, वळवलं जातं हे दाखवलेलं आहे. आणि २०१९ मध्ये जिवंत पेशींत प्रोकोलॅजेनला रंग लावून पाहिलं, तेव्हा ईआरजवळच्या गॉल्जीत ते मोठ्या वाहकांशिवायच पोचताना दिसलं.

कोटबाज · मंगळवार, सायंकाळी ७.१०

गप्प बसलो नाही, टप्प्यानं येत होतो :)

नळीतल्या प्रयोगाचं काय म्हणता? फोडलेल्या पेशी, बाहेरून कोट प्रथिनं, जीटीपी, एटीपी पुन्हा तयार करणारं मिश्रण, ३० अंश. त्यातून प्रोकोलॅजेन असलेले मोठे, कोटवाले, बंद वाहक सुटताना दाखवलेत. प्रोटिएज टाकलं तरी आतलं प्रोकोलॅजेन शाबूत राहतं, डिटर्जंट टाकला की पचतं. बंद पिशवी असल्याशिवाय असं होणार नाही.

सूक्ष्मदर्शी · मंगळवार, सायंकाळी ७.४८

होतं. पेशी फोडताना नळी तुटली की तुकड्यांची तोंडं आपोआप मिटतात. पडद्याचा स्वभावच तो. प्रोटिएजला मिटलेली नळी आणि सुटलेली पुटिका यांत फरक कळत नाही. त्यातल्या त्यात सार-१ चा जीडीपीत अडकलेला प्रकार टाकून ते मोठे वाहक नाहीसे होतात, एवढी साक्ष तुमच्या बाजूनं धरतो.

माझं म्हणणं इतकंच, की कोट किती भागावर आहे ते मोजल्याशिवाय 'मोठी कोटवाली पुटिका' हे शब्द वापरू नयेत.

डॉ_रक्तपेशी · मंगळवार, रात्री १०.२५

दवाखान्याच्या बाजूनं थोडं. कोट बिघडला की कुठला माल अडतो ते रुग्ण सांगतो.

सेक-२३ए मध्ये ३८२ व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी ल्युसिन आलं की टाळू मोठी आणि उशिरा भरणारी, मोतीबिंदू, चेहऱ्याची हाडं वेगळी. त्या जागी सेक-१३/३१ नीट बसत नाही, आणि फायब्रोब्लास्टमध्ये (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींत) ईआर फुगलेला दिसतो. सेक-२४डी बिघडलं की ठिसूळ हाडांचा एक प्रकार. सार-१बी बिघडलं की कोलॅजेन ठीक, अडतात ते कायलोमायक्रॉन. ७५ पासून काही शे नॅनोमीटरचे स्निग्ध गोळे, तेही ईआरमधून याच दारानं निघतात. तान्ह्या बाळाला चिकट जुलाब, वजन वाढत नाही, कोलेस्टेरॉल कमी, ई जीवनसत्त्व फारच कमी. इथं एक खूण धरून ठेवा: उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड सहसा सामान्य येतं. अबीटालिपोप्रोटिनेमिया या सारख्याच दिसणाऱ्या आजारात तेही तळाला गेलेलं असतं. उपचार म्हणजे कमी स्निग्धाचा पण आवश्यक मेदाम्लं असलेला आहार आणि भरपूर ई जीवनसत्त्व, लवकर सुरू केलं तर मज्जातंतू वाचतात.

विदर्भात ॲनिमिया म्हटलं की सिकलसेलकडे आधी नजर जाते, आणि जायलाच हवी. पण सोल्युबिलिटी चाचणी आणि एचपीएलसी दोन्ही निर्दोष, कावीळ आहे, प्लीहा वाढलेली आहे आणि रेटिक्युलोसाइट (नव्या लालपेशी) त्या मानानं कमी, असं असेल तर जन्मजात डिसएरिथ्रोपोएटिक ॲनिमिया, प्रकार दोन, हे नाव यादीत ठेवा. जनुक सेक-२३बी. मज्जेत दोन केंद्रकांच्या एरिथ्रोब्लास्ट (लालपेशी होण्याआधीच्या पेशी) दिसतात, आणि जेलवर बँड-३ (लालपेशीच्या पडद्यावरचं प्रथिन) अरुंद होऊन खाली सरकतो, कारण त्याला साखरा कमी लागलेल्या असतात.

नागनदी · बुधवार, सकाळी ७.५५

डॉक्टरसाहेब, हिमोग्लोबिन तर पेशीबाहेर जातच नाही. मग काऊन रक्तच बिघडून राहिलं?

डॉ_रक्तपेशी · बुधवार, सकाळी ९.१०

नेमका प्रश्न. हिमोग्लोबिन कॉप-टूच्या वाटेनं जात नाही, पण लालपेशीच्या पडद्यावरची प्रथिनं जातात. माणसात तयार होणाऱ्या लालपेशींत सेक-२३ए कमी असतं, त्यामुळे बी गेलं की भरपाई करायला कोणी नाही. उंदरात गणित उलटं: सेक-२३बी काढलं की स्वादुपिंड बिघडून पिल्लं जन्माच्या आसपास मरतात, आणि ॲनिमिया दिसत नाही. एकाच कोटाचे दोन भाऊ, कुठल्या ऊतीत कोण जास्त आहे यावर सगळं.

कापूसवाला · बुधवार, दुपारी १२.४०

विषय थोडा शेताकडे नेतो. वनस्पतीत कोलॅजेन नाही, टँगो-१ नाही. कपाशीच्या धाग्यातला सेल्युलोज तर प्रोकोलॅजेनपेक्षा कितीतरी लांब. तिथं पेशीनं हा प्रश्नच टाळला आहे. सेल्युलोज तयार करणारं यंत्र, म्हणजे सहा पाकळ्यांचं, २५ नॅनोमीटर रुंदीचं सिंथेज संकुल, ते गॉल्जीत जुळतं, पुटिकेत आरामात बसून बाहेरच्या पडद्यावर जातं आणि साखळी थेट भिंतीत ओततं. माल न्यायचाच नाही, कारखाना न्यायचा. जुनं यंत्र परत आत घ्यायला मात्र क्लॅथ्रिन आणि एपी-२ लागतात. पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज गॉल्जीत बनतात आणि पुटिकांतून जातात, म्हणजे एकाच भिंतीत दोन्ही तऱ्हा.

प्राण्यांतही ही युक्ती आहे. हायाल्युरोनन ही सांध्यातली अजस्र साखर बाहेरच्या पडद्यावरच बनते आणि तिथूनच बाहेर सोडली जाते. मग कोलॅजेनला ही सोय का नाही? कारण त्याला आतच वळायचं असतं, हायड्रॉक्सिल लावायचे असतात, तपासणी व्हायची असते.

संत्रानगरी · बुधवार, दुपारी १.०५

वाचनखूण साठवली. पण क्लॅथ्रिन म्हणजे कॉप-टूचंच दुसरं नाव का? पुस्तकात तर जाळीचा गोळा क्लॅथ्रिनचा दाखवतात.

कोटबाज · बुधवार, दुपारी २.३०

नाही, तीन वेगळे कोट आहेत. क्लॅथ्रिन बाहेरच्या पडद्यावरून आत आणि गॉल्जीच्या शेवटच्या टोकाकडून एंडोसोमकडे. कॉप-टू ईआरमधून बाहेर. कॉप-वन गॉल्जीतून मागे ईआरकडे आणि गॉल्जीच्या कप्प्यांत.

क्लॅथ्रिन बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून काढलं, १९७५-७६ मध्ये. तीन पायांचा तुकडा: तीन जड साखळ्या, प्रत्येकी १९० किलोडाल्टनच्या आसपास, आणि तीन हलक्या. क्लॅथ्रिन स्वतः मालाला हातही लावत नाही, मधे एपी-२ बसतं. सुटायला डायनॅमिन, कोट उतरवायला ऑक्सिलिन आणि एचएससी-७०. एलडीएलचा (रक्तातलं कोलेस्टेरॉल नेणारा) कण २२ नॅनोमीटरचा, त्यामुळे तिथं जागेचं दुखणंच नाही. पण व्हीएसव्ही हा गोळीच्या आकाराचा विषाणू ७० बाय २०० चा असतो. त्याच्यावर क्लॅथ्रिनची जाळी पुरती मिटतच नाही, उरलेला जोर ॲक्टिन लावतं. सूक्ष्मदर्शींच्या 'कोट किती भागावर आहे' या मुद्द्याला हा पुरावा मीच देतो, घ्या.

सूक्ष्मदर्शी · बुधवार, दुपारी २.४४

घेतला. चहा माझ्याकडून.

यीस्टवाली · बुधवार, सायंकाळी ५.२०

कॉप-वनचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट राहून जायला नको. ईआरमधून निघालं, पण गॉल्जीचे कप्पे प्रोकोलॅजेन कसं ओलांडतं? कॉप-वनच्या पुटिकाही शंभराच्या आतल्या. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलं की प्रोकोलॅजेनचे पुंजके गॉल्जीच्या कप्प्यातून बाहेर पडतच नाहीत. कप्पाच पुढे सरकतो, आणि विकरं कॉप-वनच्या पुटिकांतून मागच्या कप्प्यात परत जातात. कप्पे परिपक्व होतात या मताला सगळ्यात मोठा आधार हाच. पोरं इथं हटकून चुकतात आणि कॉप-वनच्या गोळ्यात कोलॅजेन काढून मोकळी होतात.

धरमपेठकर · बुधवार, रात्री ९.००

लाख मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. पण तिसरा प्रश्न तसाच पडून आहे. लॅबमध्ये दाखवायचं काय?

वॉटरबाथ · बुधवार, रात्री १०.१५

आमचं खातं आलं. फायब्रोब्लास्ट घ्या, आयएमआर-९० किंवा त्वचेच्या. क्रम असा:

ॲस्कॉर्बेट नसलेल्या माध्यमात ४० अंशांना ३ तास. पीळ जुळत नाही, प्रोकोलॅजेन ईआरमध्ये साचतं. मग ३२ अंशांचं माध्यम, त्यात मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम ॲस्कॉर्बेट आणि नवीन प्रथिन थांबवायला १०० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड. इन्क्युबेटरबाहेर काम करायचं म्हणून २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांच्या कव्हरस्लिप ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये टाका. शून्याला प्रोकोलॅजेन ईआरच्या जाळ्यासारखं पसरलेलं, मग ठिपके, मग केंद्रकाशेजारी गॉल्जीत एकवटलेलं. एका प्लेटला ब्रेफेल्डिन, मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम. ते आर्फ-१ चं, म्हणजे कॉप-वन पडद्यावर बसवणाऱ्या प्रथिनाचं, चक्र तोडतं, कॉप-वन गळतं, गॉल्जी ईआरमध्ये मिसळतो आणि स्राव थांबतो.

आता कुठं फसतं ते.

माध्यम अल्फा-एमईएम घेतलं तर प्रयोग सुरू होण्याआधीच संपला. त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेलंच असतं. साधं डीएमईएम घ्या. ॲस्कॉर्बिक आम्लाऐवजी सोडियम ॲस्कॉर्बेट वापरा, नाही तर पीएच खाली येतो. द्रावण त्याच दिवशी करा, ३७ अंशांच्या माध्यमात ते काही तासांत ऑक्सिडाइज होतं. दिवसभराच्या प्रयोगाला २-फॉस्फेटवालं टिकाऊ रूप बरं.

वेस्टर्नसाठी माध्यम गोळा करताना सीरम नको. ६६ किलोडाल्टनच्या अल्ब्युमिनचा ढीग सगळी लेन वाकडी करतो. आणि माध्यमात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज तपासा. पेशी मरून फुटल्या असतील तर तुम्ही स्राव मोजत नाही, गळती मोजताय.

सगळ्यात नागपुरी अडचण ३२ अंशांची. मे महिन्यात बाहेर ४५, कूलर लावलेली खोली ३६-३८. साधा वॉटरबाथ फक्त तापवतो, थंड करत नाही. पाटीवर ३२ लावलं तरी पाणी खोलीच्या तापमानालाच राहतं, आणि लाल दिवा बंद दिसतो म्हणून पोरांना वाटतं की सेट झालं. सीओटू इन्क्युबेटरचंही तेच, तो खोलीपेक्षा साधारण ५ अंश वरच नीट चालतो. म्हणजे ३२ हवे तर खोली २७ च्या खाली. थंड करणारा सर्क्युलेटर नसेल तर थर्मोकोलच्या पेटीत पाणी, बर्फाच्या पिशव्या आणि आत खरा थर्मामीटर. १५ अंशांना ईआरजिकमध्ये अडवायचं असेल तर हीच पेटी.

नागनदी · बुधवार, रात्री १०.३२

म्हणजे प्रयोग डिसेंबरात, भाषण मे मध्ये. हाव ना?

सूक्ष्मदर्शी · बुधवार, रात्री १०.५०

वॉटरबाथभाऊंचा प्रयोग उत्तम, पण धरमपेठकर सर, पोरांना एक गोष्ट आधीच सांगा: यातून 'केव्हा' कळतं, 'कशातून' कळत नाही. ठिपक्यांचा व्यास मोजून पुटिकेचं माप काढू देऊ नका. सेक-३१ आणि प्रोकोलॅजेन दोन रंगांत पाहा आणि किती ठिपके जुळतात ते मोजा. मग एक फिल्टर ९० अंश फिरवून, म्हणजे एका रंगाची प्रतिमा काटकोनात वळवून, पुन्हा तेच मोजा. गर्दीच्या पेशीत नुसत्या योगायोगानंही बरेच जुळतात.

यीस्टवाली · गुरुवार, सकाळी ८.१५

'फिल्टर फिरवून' नव्हे, प्रतिमाच फिरवायची, सॉफ्टवेअरमध्ये. पोरं खरंच फिल्टर फिरवतील :)

आकृती काढायची तर सर, ईआरच्या दारात टँगो-१ चं कडं, त्याच्या आत सेक-२३/२४ चा थर, सेक-१३/३१ तुटक तुटक, मान लांबलेली, आणि पुढून ईआरजिकचा पडदा येऊन टेकलेला. टोकाला बंद गोळा काढू नका आणि बोगदाही पक्का जोडू नका, तिथं तुटक रेघ ठेवा आणि शेजारी दोन्ही शक्यता लिहा. एचएसपी-४७ दाखवायचं विसरू नका. त्याच्या शेपटीला आरडीईएल हा ईआरमध्ये परतण्याचा संकेत असतो. पुढच्या कप्प्यात पीएच थोडा उतरला की ते प्रोकोलॅजेनपासून सुटतं आणि केडीईएल रिसेप्टरला धरून कॉप-वननं मागे येतं. तो परतीचा बाण नसेल तर मी गुण कापते.

धरमपेठकर · गुरुवार, सकाळी ९.४०

परतीचा बाण काढतो ताई. वॉटरबाथ, ३२ अंशांची कटकट टाळायला रश पद्धत (माल ईआरमध्ये बांधून ठेवून एकदम सोडण्याची) कशी वाटते? एकदम ३७ लाच काम.

वॉटरबाथ · गुरुवार, सकाळी १०.२०

चालेल. ईआरमध्ये स्ट्रेप्टाव्हिडिनचा आकडा, मालाला त्याला धरणारी पट्टी, ४० मायक्रोमोलर बायोटिन टाकलं की माल एकदम सुटतो. तापमान हलवावं लागत नाही. ॲस्कॉर्बेट मात्र आधीपासून हवं, कारण इथं माल वळलेला असून थांबलेला असतो, न वळल्यामुळे अडकलेला नसतो.

एवढं बघा, की आरपीएमआय वापरू नका. त्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम बायोटिन असतं, माल रात्रभर हळूहळू गळून जाईल आणि शून्य मिनिटालाच गॉल्जी उजळलेला दिसेल. डीएमईएममध्ये बायोटिन नाही, पण सीरममधून थोडं येतंच. ते बांधून ठेवायला माध्यमात थोडं ॲव्हिडिन घाला, आणि सोडताना बायोटिन त्या हिशोबानं जास्त टाका.